कोरी डिस्क, खारी हवा

पालघर स्टेशनजवळच्या दुकानात लॅपटॉपची किंमत विचारली, तेव्हा दुकानदाराने पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर दोन आकडे लिहून दिले. मॉडेल एकच, पडदा तेवढाच, प्रोसेसर तोच. पहिल्या आकड्यापुढे ‘विंडोज’, दुसऱ्यापुढे ‘डॉस’. दुसरा आकडा चार-साडेचार हजारांनी कमी. माझी भाची त्या कागदाकडे बघत राहिली. ती यंदा दांडेकर महाविद्यालयात बी.एस्सी.ला गेली आहे, वडील बोईसरच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, आणि लॅपटॉपसाठी घरात वीस हजार बाजूला काढलेले होते. दुकानाबाहेर आल्यावर तिने विचारलं, “मामा, डॉसवाला घेतला तर तो चालू होतो का?”

होतो. काळा पडदा येतो आणि त्यावर एक छोटी रेघ लुकलुकत राहते, एवढंच. हे डॉस म्हणजे बहुधा फ्रीडॉस. जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ मध्ये ते सुरू केलं. ते फुकट आहे आणि जुनं, साधं आहे. यंत्र अगदीच कोरं जाऊ नये म्हणून कंपन्या ते भरून देतात. त्यावर ब्राउझर उघडून अभ्यास करता येत नाही. मग चार हजारांचा फरक कशाचा? विंडोजच्या परवान्याचा. म्हणजे लॅपटॉप घेताना आपण एक नव्हे, दोन वस्तू घेत असतो: एक यंत्र आणि एक ते चालवणारी प्रणाली. यातली दुसरी वस्तू त्याच दुकानातून, त्याच वेळी घेतली पाहिजे असं कोणतंही बंधन नाही. आपल्याकडे हजारो घरांना हे माहीत नसतं, आणि ज्यांच्याकडे मोजून वीस हजार आहेत त्यांनाच ते माहीत असण्याची सगळ्यात जास्त गरज असते, म्हणून हा लेख.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे तिला सांगताना मी आमच्या शिरगावशेजारच्या सातपाटीचं, मच्छीमारांच्या गावाचं, उदाहरण घेतलं. बोटी ज्याच्या त्याच्या. पण बर्फ, डिझेल, मासळीचं वजन, विक्री हे मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत होतं, म्हणून शंभर बोटी एकाच खाडीत नांदतात. संगणकात ब्राउझर, गाणी, टंकलेखन या बोटी. प्रोसेसर कोणाला किती वेळ मिळणार, मेमरीतली जागा कोणाला, डिस्कवर आधी कोण लिहिणार, हे ठरवणारी संस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. प्रोसेसर दर काही मिलिसेकंदांनी एका कामावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून आपल्याला सगळं एकाच वेळी चाललंय असं वाटतं.

मेमरी भरली की काय होतं, हे खरेदीआधी समजून घ्यायलाच हवं, कारण स्वस्त लॅपटॉप नेमका तिथेच अडखळतो. ४ जीबी मेमरीत ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की जागा संपते. मग प्रणाली मेमरीतला वापरात नसलेला भाग उचलून डिस्कवर ठेवते आणि लागला की परत आणते. याला स्वॅप म्हणतात. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची असेल तर हिशेब असा होतो. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा, आणि हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. डोकं योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होतं. लॅपटॉप ‘हँग’ झाला असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो फक्त तबकडी फिरायची वाट बघत असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की पैसे कमी असतील तर प्रोसेसरचं नाव थोडं खाली उतरू द्यावं, पण ८ जीबी मेमरी आणि एसएसडी सोडू नये.

आता नवा की जुना? वीस हजारांच्या आसपास जे नवे लॅपटॉप दिसतात, त्यांत पुष्कळदा सेलेरॉन एन ४०२० सारखा प्रोसेसर आणि ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी साठवण असते. ही ईएमएमसी म्हणजे बोर्डवर कायमची डाग दिलेली चिप. ती भरली किंवा बिघडली तर काढून दुसरी बसवता येत नाही. एन ४०२० मध्ये दोनच गाभे (कोअर) असतात. उलट २०१७ मध्ये आलेल्या आय ५-८२५० यू मध्ये चार गाभे आणि आठ धागे (थ्रेड) आहेत. तो जुना आहे, पण कामाला कितीतरी तगडा. (अशा जुन्या प्रोसेसरांत आय ५ नंतरच्या आकड्यातला पहिला अंक पिढी सांगतो: ८२५० म्हणजे आठवी. शेवटचा ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा.) असे लॅपटॉप कंपन्या तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात. मुदत संपली की ते एकगठ्ठा बाहेर पडतात, कोणीतरी साफ करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही कार्यालयीन मालिकांची नावं लक्षात ठेवावीत. त्यांतल्या बहुतेकांचे तळाचे स्क्रू उघडतात, मेमरी आणि डिस्क बदलता येते, सुटे भाग मिळतात.

जुन्याकडे बघायचं आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी वर्षभराची मुदत दिली, पण तेवढीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. म्हणून धडधाकट यंत्रं ‘जुनी’ ठरून बाजारात येत आहेत. ज्याला विंडोज नको आहे, त्याच्यासाठी ही संधी आहे.

असा लॅपटॉप घ्यायला आम्ही एके दिवशी सकाळची मुंबईची गाडी पकडली. विरारला बदलली, दादरला उतरून स्लो घेतली, ग्रँट रोडला उतरलो. तिथल्या संगणक-बाजाराच्या रस्त्याचं, लॅमिंग्टन रोडचं, अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण विचारताना सगळे जुनंच नाव घेतात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं ते नाव. दुकानात गर्दी, घाई, आणि विक्रेत्याला वेळ नसतो. तरी पैसे देण्याआधी अर्धा तास मागून घ्यावा. आम्ही पांढरं पान उघडून पडद्यावर डाग आहेत का पाहिलं, प्रत्येक कळ दाबली, बिजागऱ्या हळूच उघडझाप करून पाहिल्या, प्रत्येक यूएसबी भोकात पेनड्राइव्ह घातला. बॅटरीच्या अहवालात दोन आकडे असतात: कारखान्यातून निघताना किती वॉट-तास धरत होती आणि आज किती धरते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीत धरावेत. पावसाळ्यात आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला गौण नाही.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र बहुतेक लोक करत नाहीत. यंत्र सुरू होताच सेटअपमध्ये, म्हणजे ज्याला अजून सगळे बायोसच म्हणतात त्यात, जाऊन बघावं. तिथे पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये, कितीही स्वस्त असो. आधीच्या कंपनीचं कुलूप अजून त्यावर आहे. शिवाय तळावरचा अनुक्रमांक, सेटअपमध्ये दिसणारा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक हे तिन्ही जुळलेच पाहिजेत. बिल नसेल तर तो व्यवहार करू नये. चोरीची वस्तू घरात आणण्यापेक्षा आणखी दोन महिने थांबलेलं बरं.

आठव्या पिढीचा आय ५, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी एसएसडी. साडेसतरा हजारांत व्यवहार झाला. परतताना गाडीत भाचीने डिस्कचा आकार पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. विंडोज २३८ जीबीच दाखवत होतं. कोणी फसवलेलं नव्हतं. कारखाना एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं. २५६ गुणिले शंभर कोटींना त्या मापाने भागलं की २३८ च येतात.

घरी आणल्यावर प्रश्न आला कोणती प्रणाली घालायची. गावाकडे याचं एक तयार उत्तर असतं: “कोणाकडून तरी विंडोज मारून घे, तीनशे रुपये घेतात.” त्या तीनशेत मिळतं ते ‘क्रॅक’ केलेलं विंडोज. क्रॅक चालावं म्हणून आधी संरक्षण बंद करायला सांगतात आणि मग कोणी लिहिलाय हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅम यंत्राचे सर्वाधिकार घेऊन चालतो. ज्या लॅपटॉपवरून आपण बँकेत जाणार, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार, त्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देण्यासारखं ते आहे. विंडोज हवं असेल तर परवाना घेऊन घ्यावं. कित्येक रिफर्बिश्ड यंत्रांसोबत तो आधीच असतो. आणि काही कामांना विंडोजच लागतं, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. बोईसरच्या एखाद्या कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी हवी असेल तर टॅली शिकावी लागते, ड्रॉइंग ऑफिसात ऑटोकॅड, आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज आणि एमएस ऑफिसच समोर येतं. टॅली आणि ऑटोकॅड लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर थेट चालत नाहीत. माझी भाची रसायनशास्त्र शिकते आहे. तिला ब्राउझर, लेखन, तक्ते, थोडं पायथन एवढंच हवं होतं. तिच्यासाठी लिनक्स नुसतं पुरेसं नव्हे, योग्य होतं.

लिनक्स म्हटलं की लोक बिचकतात, पण आमच्या वाडीतल्या जवळपास प्रत्येक खिशात ते आहे. अँड्रॉइड फोनच्या प्रणालीचा गाभा (कर्नल) लिनक्सच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतले सगळे लिनक्सवर चालतात. १९९१ हे साल मला फार मोलाचं वाटतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. आज सी-डॅकचे परम लिनक्सवर चालतात, आणि माझ्या भाचीचा लॅपटॉपही त्याच गाभ्यावर.

कमी ताकदीच्या यंत्रात लिनक्स काय करू शकतं, हे आपल्या राज्याने फार पूर्वी पाहिलं आहे. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, साठवण १ जीबी. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर मुलांसाठी केलेला शुगर नावाचा पडदा. आमच्या अठरा हजारांच्या आतल्या यंत्रात त्याच्या ३२ पट मेमरी आहे. त्या प्रकल्पाचं जगभर पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण यंत्राचं वय किंवा किंमत बघून त्याला मोडीत काढू नये, एवढं त्याने दाखवलं.

आम्ही लिनक्स मिंट २२ निवडलं. ते जुलै २०२४ मध्ये आलं, उबुंटू २४.०४ वर आधारलेलं आहे आणि त्याला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. म्हणजे तिची पदवी होऊन पुढेही. फाइल सुमारे तीन जीबीची. फाइल उतरवल्यावर तिच्यासोबत दिलेला शा-२५६ आकडा जुळवायचा. हा ६४ अक्षरांचा ठसा असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात तो जुळला नाही, कारण मध्येच नेट तुटलं होतं. पुन्हा उतरवली. हे पाच मिनिटांचं काम टाळलं असतं तर पुढे तासभर ‘का बिघडतंय’ याचा शोध घेत बसलो असतो.

ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा एचरसारख्या साधनाने लिहावी लागते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं आधीचं सगळं जातं. मग लॅपटॉप बंद करून सुरू करताना एफ १२ दाबायचं (एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप) आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा.

बटण दाबल्यापासून काय घडतं, ते मी तिला क्रमाने सांगितलं, कारण भीती कमी होते ती इथेच. आधी जागा होतो बोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम, यूईएफआय. तो मेमरी, कळफलक, डिस्क जागेवर आहेत का बघतो. मग डिस्कवर एक छोटा विभाग शोधतो, ज्याची मांडणी त्याला वाचता येते. तिथे बूटलोडर असतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्याच्यावरची डिजिटल सही तपासली जाते. मिंट आणि उबुंटूच्या बूटलोडरवर ती असते, त्यामुळे काही बंद करावं लागत नाही. बूटलोडर गाभा उचलून मेमरीत ठेवतो आणि बाजूला होतो. गाभा जागा झाला की एकेका भागाशी ओळख करून घेतो: पडदा, टचपॅड, वाय-फाय. शेवटी पहिली प्रक्रिया सुरू करतो, तिचा क्रमांक १, आणि तिच्यापासून बाकी सगळ्या जन्माला येतात. एवढं होईपर्यंत पडद्यावर मिंटचं चिन्ह दिसत होतं.

आणि मग पूर्ण मिंट समोर उघडलं, डिस्कला हातही न लावता. हे सगळं मेमरीत आणि पेनड्राइव्हवर चालू असतं. इथे थांबून वाय-फाय, आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करणं, सगळं तपासावं. आमचं वाय-फाय इंटेलचं होतं, लगेच लागलं. काही रिअलटेक आणि ब्रॉडकॉमच्या चिपना वेगळी फाइल लागते. तेव्हा फोन यूएसबी वायरने जोडून त्याचं नेट वापरावं आणि तीच फाइल उतरवून घ्यावी.

डिस्कचा प्रश्न आल्यावर आम्ही ‘सगळी पुसून बसवा’ निवडलं. डिस्क कोरी होणार हे आम्हाला हवंच होतं. आधीच्या मालकाचं काही राहिलं असेल तर ते आपल्याकडे असू नये. ज्यांना विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं आहे, त्यांनी एक गोष्ट आधी करावी. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर नावाचं कुलूप आपोआप लागलेलं असतं, त्याचा ४८ अंकी रिकव्हरी आकडा कागदावर उतरवून ठेवावा. विभाग हलवल्यावर विंडोज तो मागू शकतं, आणि तो नसेल तर सगळे फोटो, सगळा अभ्यास कायमचा आत अडकतो.

वीसेक मिनिटांत काम झालं. मध्येच वीज गेली, पण लॅपटॉपला फरक पडला नाही. भाचीने ओसरीवर मेणबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी मी तिला लिनक्सशी संबंध नसलेली, पण शिरगावात राहणाऱ्याने पाळायचीच गोष्ट सांगितली. आमची हवा खारी आहे. मिठाचे बारीक कण सगळीकडे बसतात, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याहून जास्तच असते. मग तांब्याच्या जोडांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो, त्यातून वीज वाहते आणि हिरवा गंज धरतो. शिरगावच्या किल्ल्याच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्यांचा लॅपटॉप दोन पावसाळ्यांत असाच गेला होता. यावर उपाय महाग नाहीत. लॅपटॉप रोज वापरावा, कारण चालताना तो गरम होतो आणि कोरडा राहतो. ठेवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात. खिडकीसमोर उघडा ठेवू नये. मेमरीचे सोनेरी दात काळवंडले तर दुरुस्तीवाले ते खोडरबराने हलकेच घासतात, ती जुनी युक्ती खरोखर काम करते.

शिकण्यासाठी तिला मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचा पत्ता दिला. लिनक्स, लिबरऑफिस, पायथनचे धडे तिथे मराठीतही आहेत, आणि उतरवून ठेवले की नेट नसतानाही बघता येतात. प्रोग्रॅम हवे असतील तर ते मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यायचे, इकडून-तिकडून उतरवायचे नाहीत, हेही सांगितलं.

मग मराठी. कळफलकाच्या मांडणीत मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट मिळते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून के वर ख, डी वर हलंत. ज्याला उच्चारानुसार टाइप करायची सवय आहे त्याच्यासाठी ‘कागप’ नावाची मांडणीही तिथेच आहे. तिच्या वडिलांनी एक जुनी फाइल उघडून पाहिली, गावाच्या मंडळाचा वीस वर्षांपूर्वीचा जमाखर्च. सगळा रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला. दोष लिनक्सचा नव्हता. ती फाइल युनिकोडपूर्वीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये होती. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसला की आकार जातात, क्रमांक तेवढे राहतात. रूपांतरकातून काढल्यावर जमाखर्च परत मराठीत आला, आणि त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

भाचीने नवी फाइल उघडली. तिला समुद्रावर काहीतरी लिहायचं होतं आणि पहिल्याच शब्दात ती अडली: ‘किनाऱ्यावर’. र ला हलंत लावून य दिला तर रफार होऊन ‘किनार्यावर’ असं उमटत होतं. मी सांगितलं, शिफ्ट धरून जे दाब, तो वेगळा ऱ आहे, मराठीत अशा जागी वापरायचा. मग डी, मग य. तिने तसं केलं. अक्षर बरोबर बसलं. तिने ते पुसलं आणि पुन्हा एकदा, या वेळी स्वतःहून, टाइप केलं.